व्हॉल्व्ह पास होतोय का? गॅस पाइपलाइनवरची गळती आवाजावरून ओळखणे आणि मोजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक साइटवर चहाच्या वेळी विचारलेले आहेत, काही नव्याने रुजू झालेल्या डिप्लोमावाल्या मुलांचे, काही ऑडिटरचे. उत्तरं नैसर्गिक वायूच्या उच्चदाब लाइनी, एसव्ही स्टेशन (लाइनीचे भाग एकमेकांपासून तोडणारे व्हॉल्व्ह असतात ते), गेट स्टेशन आणि कॉम्प्रेसर स्टेशन डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. वाफेच्या किंवा पाण्याच्या लाइनीला यातलं बरंचसं लागू पडतं, सगळं नाही.

'पास होतोय' आणि 'गळतोय' यात फरक काय?

ग्लँड पॅकिंगमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून), फ्लँजच्या जोडातून किंवा ग्रीस निपलमधून गॅस बाहेर हवेत जातो ती बाहेरची गळती. साबणाचं पाणी मारलं की फेस येतो, डिटेक्टर ओरडतो, काम सोपं. पासिंग म्हणजे आतली गळती. चाक घट्ट बसलंय, इंडिकेटर 'बंद' दाखवतोय, आणि तरी सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना त्याचा पडदा किंवा गोळा ज्या कडीवर टेकतो तिच्या) फटीतून गॅस या बाजूचा त्या बाजूला जातोच आहे. बाहेर ना बुडबुडा, ना वास. वासावर तर इथे भिस्त ठेवूच नका. मुख्य लाइनीतल्या गॅसला बहुधा वास नसतोच, मरकॅप्टन (वास देणारं रसायन) मिसळतात ते शहराच्या वेशीवरच्या गेट स्टेशनात.

एवढ्याशा फटीचं एवढं काय?

हिशेब करून बघा. ५० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) लाइनीवर ब्लोडाउन व्हॉल्व्ह आहे, म्हणजे लाइन रिकामी करायचा, पलीकडे उघडा व्हेंट, म्हणजे हवेत तोंड असलेला पाइप, आणि सीटवर १ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी फट. नेहमीच्या सूत्रानं तासाला १९-२० किलो मिथेन त्यातून जातो. दिवसाला साडेचारशे किलोच्या वर. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे वजनानं रोज बत्तीस-तेहतीस सिलिंडर व्हेंटमधून आकाशात सोडल्यासारखं. व्हेंट उंच असतो, मिथेन हवेपेक्षा हलका, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या कुणालाही पत्ता लागत नाही.

पैशांचं नुकसान आहेच. शिवाय आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या मंडळाच्या) सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेन १०० वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या २९.८ पट तापवतो, २० वर्षांच्या हिशेबानं ८२.५ पट.

पण मला विचाराल तर खरी भीती वेगळी आहे. याच व्हॉल्व्हच्या भरवशावर कुणीतरी पुढचा फ्लँज उघडणार असतो. परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, 'आयसोलेटेड' (गॅसपासून तोडलेलं) लिहिलेलं असतं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते.

फटीतून जाताना गॅस आवाज का करतो? आणि आपल्याला तो ऐकू का येत नाही?

फटीच्या अलीकडचा दाब पलीकडच्या दाबाच्या साधारण १.८५ पट झाला (दोन्ही निरपेक्ष दाब, म्हणजे पोकळीपासून मोजलेले, गेजवरचे नव्हेत) की नैसर्गिक वायू फटीत ध्वनीच्या वेगानं धावू लागतो. ५० बारची लाइन आणि पलीकडे मोकळी हवा असेल तर ही अट कधीच ओलांडलेली असते. मिथेनसाठी हा वेग फटीपाशी सेकंदाला ४२० मीटरच्या आसपास. एवढ्या वेगाचा झोत पलीकडच्या शांत गॅसवर आदळतो, भोवरे उठतात, आणि त्या घुसळणीचा आवाज होतो.

आवाजाची पट्टी फटीच्या आकारावर ठरते. ढोबळ नियम असा: झोताचा वेग भागिले भोकाचा व्यास, गुणिले ०.२. १ मिलिमीटरच्या भोकासाठी उत्तर येतं ८० किलोहर्ट्झच्या वर. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो, आणि पन्नाशीतल्या फिटरचा त्याच्या कितीतरी आधी. तेच भोक १ सेंटिमीटरचं असेल तर ८ किलोहर्ट्झ, म्हणजे चांगली शिट्टी ऐकू येईल. जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि 'पास होतोय' म्हणून सांगतात, ते खरंच असतं. फक्त तोवर गळती मोठी झालेली असते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिच्यावर उभी आहेत. १९५२ साली जेम्स लाइटहिल यांनी झोताच्या आवाजाचं गणित मांडलं. ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या झोतासाठी त्यातून असा नियम निघतो की आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घातानं बदलते. वेग निम्मा झाला की आवाज २५६ पटींनी पडतो, म्हणजे २४ डेसिबल. व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबात फरक नसेल तर फट कितीही मोठी असो, सेन्सरला काहीही ऐकू येणार नाही.

सेन्सर असतो कसा?

करंगळीच्या दोन पेरांएवढी स्टीलची डबी, आत पिझोइलेक्ट्रिक स्फटिकाची चकती, बहुधा पीझेडटी नावाच्या सिरॅमिकची. धातूतून आलेल्या कंपनानं चकती दबते-सुटते आणि तिच्यावर सूक्ष्म व्होल्टेज येतं, ते वाढवून डेसिबलमध्ये दाखवतात. हवेतून ऐकणारी उपकरणं बहुतेक ४० किलोहर्ट्झच्या आसपास काम करतात. धातूला चिकटवायचे सेन्सर त्याहून वर, १०० किलोहर्ट्झच्या पुढेही जातात. उंच पट्टीचा फायदा असा की पंपाची घरघर, वारा, ट्रकची धडधड हे सगळं खालच्या पट्टीत राहून जातं.

सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा राहिला तर स्टीलमधून आलेला आवाज जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणून मध्ये कपलंट लागतो, साधं सिलिकॉन ग्रीस चालतं. रंगाचे पोपडे, गंज आणि इन्सुलेशन आधी खरवडायचं.

सेन्सर जिवंत आहे का हे बघायला एक गमतीची पण मान्य पद्धत आहे. लेड पेन्सिलचं ०.५ मिलिमीटरचं शिसं सेन्सरच्या शेजारी धातूवर टेकवून तोडायचं. त्या 'टक्'ची कंपनं दर वेळी जवळपास सारखीच असतात. रोज सकाळी तीनदा शिसं मोडा, तीन वाचनं जुळली तर बाहेर पडा. माझ्या टूलबॅगमध्ये शिशाची डबी पाहून गेटवरच्या सिक्युरिटीनं एकदा विचारलं होतं, 'साहेब, परीक्षा आहे का?'

सेन्सर कुठे लावायचा?

चार ठिकाणी. व्हॉल्व्हच्या अलीकडे दोन बिंदू, पलीकडे दोन. त्यांना ए, बी, सी, डी म्हणू. ए लांबचा, बी व्हॉल्व्हच्या अगदी जवळचा, सी पलीकडे लगेच, डी त्याच्याही पुढे. झोत सीटच्या पलीकडे फुटतो, म्हणून पासिंग असेल तर सी सगळ्यांत मोठा बोलतो आणि डीकडे जाताना आवाज उतरतो.

एका साइटवरची वाचनं वहीतून देतो: ए २१, बी २४, सी ४७, डी ३८ डेसिबल. इथे शंका घ्यायला जागाच नाही. त्याच दिवशी दुसऱ्या व्हॉल्व्हवर ए २६, बी २९, सी ३६, डी ४४ आली. बरोबरचा मुलगा उत्साहानं लाल टॅग बांधायला निघाला, कारण ३६ म्हणजे 'वर' दिसत होतं. पण आवाज डीकडून सीकडे येत होता. दहा मीटर पुढे प्रेशर रेग्युलेटर चालू होता, त्याचा हा गोंगाट. व्हॉल्व्ह बिचारा ठणठणीत होता.

शेजारचा रेग्युलेटर किंवा कॉम्प्रेसर बंदच करता येत नसेल तर?

मग दाबाशी खेळायचं. ऑपरेटरला सांगून संशयित व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमधला फरक बदलायचा, पलीकडची बाजू थोडी व्हेंट करून किंवा पलीकडचा दुसरा व्हॉल्व्ह बंद करून दाब चढू देऊन. आवाज फरकाबरोबर चढला-उतरला तर तो याच व्हॉल्व्हचा. फरक बदलूनही आकडा ढिम्म राहिला तर बाहेरचा. कुठलंही सॉफ्टवेअर यापेक्षा भरवशाचं उत्तर देत नाही. वेळ मात्र लागतो, आणि कंट्रोल रूममधल्या माणसाशी संबंध चांगले असावे लागतात.

वाचन शांत आलं म्हणजे व्हॉल्व्ह चांगला ना?

नाही, नाही आणि नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. व्हॉल्व्ह पास होतोय, पलीकडची बाजू बंद आहे, हळूहळू दोन्हीकडचा दाब सारखा झाला. आता गॅस वाहतच नाही, आवाज कुठून येणार? रिपोर्टात 'समाधानकारक' लिहिलं जातं. पुढच्या महिन्यात पलीकडचा भाग रिकामा केला की व्हॉल्व्ह भसाभसा पास होऊ लागतो. मी स्वतः असा रिपोर्ट एकदा सही करून दिलेला आहे. तेव्हापासून दोन्ही गेज वाचल्याशिवाय सेन्सर बॅगेतून काढत नाही.

फरक एक-दोन बारपेक्षा कमी असेल तर मी वाचन घेतो, पण निष्कर्ष लिहीत नाही.

आवाजावरून लिटर कसे काढतात?

व्हॉल्व्हचा प्रकार, त्याचा इंचातला आकार, दोन बाजूंच्या दाबातला फरक, गॅस कोणता आणि आवाज किती, एवढं भरलं की उपकरण तासाला अमुक लिटर असा आकडा देतं. आकड्यामागे भौतिकशास्त्राचं शुद्ध सूत्र नसतं, चाचण्यांचा साठा असतो. १९८०च्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम आणि अमेरिकेतल्या फिजिकल अकूस्टिक्स कंपनीनं मिळून शेकडो व्हॉल्व्हवर मोजमापं घेतली आणि आवाज व गळती यांचा मेळ बसवला. नंतरच्या उपकरणांनी आपापले साठे जमवले. म्हणून एकाच व्हॉल्व्हवर दोन कंपन्यांची यंत्रं वेगवेगळे लिटर दाखवू शकतात, आणि दोन्ही खोटं बोलत नसतात.

व्हॉल्व्हचा प्रकार का विचारतात? तेवढाच गॅस गेट व्हॉल्व्हच्या (वर-खाली सरकणारा पडदा) चंद्रकोरीसारख्या फटीतून जाताना आणि बॉल व्हॉल्व्हच्या (आरपार भोक असलेला फिरता गोळा) सीटवर पडलेल्या एकाच चऱ्यातून जाताना निराळा आवाज करतो. आकार का? मोठ्या बॉडीत तोच आवाज जास्त लोखंडात पसरतो, बाहेर क्षीण पोहोचतो.

आता अचूकतेचं. दाबातला फरक तोच असेल तर गळती दुप्पट झाल्यावर आवाज ढोबळमानानं ३ डेसिबलनंच वाढतो. उलट वाचा: वाचनात ३ डेसिबलची चूक झाली की लिटर निम्मे किंवा दुप्पट. आणि ३ डेसिबल घालवायला ग्रीस कमी लावणं पुरतं. त्यामुळे यंत्रानं '४१७ लिटर' दाखवलं तरी मी रिपोर्टात तीनशे ते सहाशे असा पट्टा देतो. व्यवस्थापनाला एकच आकडा आवडतो, हे मला माहीत आहे.

कोणता व्हॉल्व्ह आधी दुरुस्त करायचा, ही उतरंड लावायला हा पट्टा भरपूर झाला. बिल करायला किंवा कोर्टात उभं राहायला नाही. त्यासाठी व्हेंटवर फ्लो मीटर लावावा किंवा पिशवी भरायला किती वेळ लागतो ते मोजावं.

किती गळती म्हणजे 'गळती' धरायची?

कुणाला विचारता त्यावर आहे. कारखान्यातल्या चाचणीसाठी आयएसओ ५२०८ या आंतरराष्ट्रीय मानकात दर्जे आहेत. 'ए' म्हणजे चाचणीभर डोळ्याला काहीच दिसता कामा नये. 'डी' दर्जाला गॅससाठी सेकंदाला ३० गुणिले मिलिमीटरमधला नाममात्र व्यास इतके घन मिलिमीटर चालतात. ६ इंची, म्हणजे डीएन (नाममात्र व्यास) १५० च्या व्हॉल्व्हला हे तासाला १६ लिटरच्या आसपास येतं. एपीआय ५९८ या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकात त्याच आकाराच्या धातूच्या सीटच्या व्हॉल्व्हला मिनिटाला २४ बुडबुडे माफ आहेत. रबर किंवा टेफ्लॉनची सीट असेल तर शून्य.

चालू लाइनीवर मापदंड वेगळे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हरितगृह वायू नोंदणीच्या नियमांत, सबपार्ट डब्ल्यूमध्ये, आवाजाच्या उपकरणानं तासाला ३.१ घनफूट किंवा जास्त पासिंग निघालं तर ती गळती. म्हणजे साधारण ८८ लिटर. कारखान्याच्या 'डी' दर्जापेक्षा हे पाचपटीहून जास्त आहे, त्यामुळे बेंचवर नापास होणारा व्हॉल्व्ह साइटवर बिनबोभाट पास ठरू शकतो. पास या शब्दाची इथे गंमतच होते.

हात लावून कळत नाही का?

कधी कधी कळतं. दाब उतरताना नैसर्गिक वायू थंड होतो, दर बारला साधारण अर्धा अंश. ५० बारवरून हवेच्या दाबावर आला की वीस-पंचवीस अंशांचा उतार. कोकणात पावसाळ्यात पासिंग व्हॉल्व्हच्या पलीकडच्या पाइपवर पहाटे दव जमलेलं दिसतं आणि बाकीची लाइन कोरडी असते. पण गळती लहान असेल तर पाइपचं लोखंड ती थंडी पिऊन टाकतं. तापमान हा साक्षीदार म्हणून चांगला, एकट्याच्या जबाबावर शिक्षा देऊ नये.

पास होतोय हे ठरलं. आता व्हॉल्व्ह बदलायचा?

थांबा. आधी तो खरोखर बंद आहे का ते बघा. हसू नका. एका कॉम्प्रेसर स्टेशनात १२ इंची बॉल व्हॉल्व्ह शटडाउनमध्ये बदलायच्या यादीत होता, वाचन ५२ डेसिबल. नवा व्हॉल्व्ह मागवायची फाइलही हलली होती. एका हेल्परनं स्टेमच्या माथ्यावरची खूण बघितली आणि म्हणाला, 'हा पुरता आडवा नाहीये.' गिअर बॉक्सचा स्टॉप बोल्ट दोन-तीन अंश आधीच अडत होता. बोल्ट सैल करून बॉल पूर्ण फिरवला, पुन्हा सेन्सर लावला: २३. भोवतालच्या गोंगाटाएवढा. फाइल परत मागवायला मात्र तीन आठवडे लागले.

स्टॉप ठीक असेल तर व्हॉल्व्ह दोन-तीनदा थोडा उघडून-मिटून घ्यायचा, सीटवर बसलेला कचरा उडून जातो. नव्या लाइनीत वेल्डिंगची गोटी असते, जुन्या लाइनीत काळी पूड, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइड-ऑक्साइडची भुकटी. मग सीटला क्लीनर, मग ग्रीस, आणि अगदी शेवटी सीलंट. दर पायरीनंतर त्याच जागी वाचन. सीलंट भरून आवाज गेला तर ती तात्पुरती मलमपट्टी समजायची, बरा झाला म्हणून नाही.

ट्रनियन बॉल व्हॉल्व्हला (बॉल वर-खाली खुंटीवर धरलेला) बॉडी ब्लीड, म्हणजे पोटातला गॅस बाहेर सोडायचं छोटं तोंड, असतो, त्याचा उपयोग करा. व्हॉल्व्ह बंद ठेवून परमिट घेऊन ब्लीड उघडला, पोटातला गॅस निघून थांबला, तर सीट शाबूत. थांबतच नसेल तर निदान एक सीट गेली. कोणती, ते त्या वेळी दोन्ही बाजूंना सेन्सर लावून कळतं. ब्लीडच्या तोंडासमोर उभं राहू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं.

किती वेळा तपासायचं?

अमेरिकेतल्या एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेच्या गॅस पाइपलाइनसाठीच्या बी३१.८ संहितेत आणीबाणीत लागू शकणारे व्हॉल्व्ह वर्षातून किमान एकदा तपासावेत आणि थोडे फिरवून पाहावेत असं आहे. त्याच फेरीत आवाजाचं वाचन घ्या, वेगळा दिवस लागत नाही. ब्लोडाउन आणि रिलीफ (दाब वाढला की आपोआप उघडणारे) व्हॉल्व्ह मी तीन महिन्यांनी बघतो, कारण त्यांच्या पलीकडे थेट व्हेंट किंवा फ्लेअर (गॅस जाळायची चिमणी) असतो.

जमिनीखालच्या लाइनीची गळती अशीच सापडते का?

तत्त्व जवळचं, पद्धत वेगळी. लाइन अचानक फुटली की दाब पडल्याची लाट दोन्ही दिशांना धावते. दोन सेन्सर २० किलोमीटरवर आहेत, लाटेचा वेग सेकंदाला ४०० मीटर, आणि एका टोकाला ती १० सेकंद आधी पोहोचली, तर फूट मध्यापासून त्या टोकाकडे २ किलोमीटरवर. हळूहळू वाढणाऱ्या गळतीला अशी लाट उठतच नाही. लाइनीच्या सोबत पुरलेली ऑप्टिकल फायबर वापरून ऐकायची पद्धतही आहे. तिच्यात प्रकाशाच्या परावर्तनातले बदल वाचून कंपनं कळतात. लाइनीच्या डोक्यावर कुणी जेसीबी लावला तर तेही त्यातून कळतं, आणि तिचा तोच उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो.

मोबाइलच्या माइकनं जमेल?

नाही. माइक २० किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, आणि साधा मोबाइल धोक्याच्या क्षेत्रात न्यायलाच मनाई आहे. सेन्सर, मीटर, हेडफोन, सगळं ठिणगीमुक्त प्रमाणित हवं. भारतात ही मान्यता पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) देतं, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. भाड्यानं आणलेल्या यंत्राच्या पट्टीवर कोणत्या झोनसाठी (धोक्याच्या क्षेत्राच्या वर्गासाठी) मान्यता आहे ते स्वतः वाचा, पुरवठादाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका.

रिपोर्टात काय लिहायचं?

व्हॉल्व्हचा टॅग, प्रकार, आकार, अलीकडचा आणि पलीकडचा दाब, चारही बिंदूंची वाचनं, त्या वेळी आसपास काय चालू होतं, आणि कोणतं यंत्र. दाबाचा रकाना रिकामा असेल तर मी तो रिपोर्ट परत करतो, डेसिबल कितीही सुंदर असोत. आणि सेन्सर जिथे लावला तिथे व्हॉल्व्हवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्या, नाण्याएवढा. पुढच्या वर्षी दुसराच कुणीतरी येईल, त्यानं तुमच्यापेक्षा एक वीतभर पुढे सेन्सर लावला की दोन वाचनं जुळणार नाहीत आणि भांडण तुमच्या नावावर लागेल.